अल्गोटच्या गाडीचं स्टिअरिंग

१

मेलेल्या माणसाच्या गाडीचं स्टिअरिंग कोण चोरेल? रेडिओ चोरा, चकचकीत बंपर चोरा, मागचे पंखासारखे दिवे चोरा, मी समजू शकतो. पण ज्या स्टिअरिंगवर छाती आपटून माणूस गेला, ते?

सकाळी शेडमध्ये गेलो तर ताडपत्री एका बाजूनं वर सरकलेली. आत डोकावलो. अल्गोटच्या हिरव्या गाडीत सीटसमोर नुसतं भोक! स्टिअरिंग त्याच्या दांड्यासकट गायब. शेडचं कुलूप मात्र शाबूत.

मी सिक्स्टेन. मोडलेल्या गाड्या उचलून आणायचा माझा धंदा. स्वीडनमधल्या आमच्या ब्योर्कविका गावात कुणाची गाडी खड्ड्यात गेली की फोन मला. पण शनिवारी आला तसा फोन देव कुणाला न देवो. चर्चजवळच्या वळणावर दोन गाड्या समोरासमोर धडकल्या होत्या. एक माझा जुना मित्र अल्गोट ब्रेनलुंडची, अठ्ठावन्न सालची अमेरिकन गाडी, दोन टन अस्सल लोखंड. दुसरी माझ्या भाचीची, तूवाची, काड्यापेटीएवढी नवी गाडी. अल्गोट जागीच गेला. तूवा मनगट मोडून बाहेर आली.

उलटं व्हायला हवं होतं! तिथं उभा असलेला प्रत्येक जण मनात तेच म्हणत होता आणि कुणाच्याच तोंडून शब्द फुटत नव्हता. रणगाड्यातला माणूस मरतो आणि पत्र्याच्या डब्यातली पोरगी चालत बाहेर येते? हे कसं काय?

त्या दिवशी अल्गोटला सत्तरावं लागलं होतं. तळ्याकाठी जुन्या गाड्यांचा आमचा उन्हाळी मेळा, केक कापायला जवळजवळ सगळा क्लब ताटकळत उभा, आणि आली ती बातमी. संध्याकाळपर्यंत गावानं निकाल देऊन टाकला. पोरगी ताशी शंभरच्या वर असणार. त्याशिवाय अल्गोट मरेलच कसा? तो तर आमच्यातला सगळ्यात सावध माणूस. पन्नास वर्षांच्या वरच्या गाडीला आमच्याकडे तपासणी नाही, पट्ट्याची सक्ती नाही. तरी यानं वीस वर्षांपूर्वी सीटला पट्टे लावून घेतले होते. जुनं स्टिअरिंग काढून अपघातात आत दबणारं नव्या धाटणीचं बसवलं होतं. आम्ही त्याला छळायचो. "अल्गोट, दप्तर अडकवलंस का रे गळ्यात?" तो हसायचा आणि पट्टा लावायचा.

अशा माणसाला मारायला वेग केवढा लागला असेल, असं गाव म्हणत होतं. पोलीसही तेच म्हणू लागले होते. मनुष्यवधाचा खटला, मग तुरुंग. पोर एकोणीस वर्षांची. माझी बहीण वारल्यापासून ती माझ्याकडेच असते. ती एकच वाक्य घोकत होती, "मामा, मी पन्नासनं चालले होते. तो माझ्या बाजूला आला." खरं सांगतो, मलाही तिचं पटत नव्हतं.

आदल्या दुपारी अल्गोटची बायको सिव येऊन गेली होती. हातात रानफुलं, चिंध्यांची एक सतरंजी. "मला त्याच्याजवळ जरा बसू दे," म्हणाली. मी किल्ली दिली आणि स्वयंपाकघरात जाऊन खिडकीकडे पाठ करून बसलो. कुणाच्या दुःखात काय डोकवायचं? जाताना अंगणात तिला तूवा दिसली. सिव तिच्यासमोर उभी राहिली आणि एकच शब्द बोलली. "खुनी." पोरगी आत पळाली.

आणि आता ही चोरी. शेडच्या किल्ल्या दोनच. एक माझ्या खिशात, दुसरी आमच्या स्वयंपाकघरात खिळ्यावर, तूवाच्या हाताशी.

२

विमा कंपनीनं पाठवलेली बाई त्याच सकाळी आली. गुन्वोर नाव, साठी उलटलेली, पायात रबरी बूट. मी कॉफी ओतली. "मला कॉफी चालत नाही," म्हणाली, "गरम पाणी दे." कॉफी न पिणाऱ्या माणसावर आमच्याकडे कुणी चटकन विश्वास ठेवत नाही.

"तू काय बघणार?" मी विचारलं. आमच्याकडे राजा सोडला तर सगळ्यांना तूच म्हणतात. "बघायचं तेच चोरीला गेलंय."

"तीस वर्षं मी गाड्या भिंतीवर आपटल्या आहेत, सिक्स्टेन. मुद्दाम, पगार घेऊन. उरलंय त्यातनं काय दिसतं ते बघू दे."

ती आधी तूवाच्या गाडीकडे गेली. गाडीचं नाक काचेपर्यंत चुरगळलेलं. गुन्वोरनं खिशातून मोजपट्टी काढली, वाकली, बसली, पुन्हा वाकली. मग दार उघडलं. ते अलगद उघडलं.

"छान चेपली आहे," ती म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. "छान? अगं, चोळामोळा झालाय तिचा! म्हणून तर गाव म्हणतं की पोरगी विमानासारखी आली."

"काचेची बरणी गावाला पाठवताना तू भोवती पेंढा भरतोस ना? पेंढा चेपला म्हणून रडतोस का?" तिनं बॉनेटवर थाप मारली. "हा पेंढा. याचं कामच चेपायचं. बरणी बघ." आत सीट जागच्या जागी, जमीन सपाट, एअरबॅगचे फुगे लोंबत होते तेवढेच.

मग ती हिरव्या गाडीकडे वळली. समोरून बघितलं तर अल्गोटच्या गाडीला त्या मानानं फारसं काही झालेलं नव्हतं. बंपर वाकला होता, एक दिवा फुटला होता. पण गुन्वोरनं मला खाली बसवलं आणि आत टॉर्च मारला. मी त्या गाडीत आजवर नीट बघितलंच नव्हतं. माझ्यानं बघवलंच नव्हतं. पायाखालचा पत्रा घडी पडून वर आला होता. डॅशबोर्ड सीटवर चाल करून आल्यासारखा. छप्पर खांबापाशी दुमडलेलं.

"गाडीनं जे सोसलं नाही, ते माणसाला सोसावं लागलं," ती म्हणाली. "लोखंडी पेटीत पेंढा न भरता ठेवलेली बरणी."

 आयुष्यभर आम्ही ज्या लोखंडाच्या जिवावर मिशीला पीळ देत होतो, ते हे?

"दोघंही पन्नासच्या आसपास होते, असं हे धातू सांगतात," गुन्वोर म्हणाली. "भाचीला नाचायला सांगू नकोस एवढ्यात. सरकारी वकील मला एकच विचारेल. पन्नासच्या वेगात, पट्टा लावलेला, दबणाऱ्या स्टिअरिंगमागचा माणूस मरतो कसा? बरगड्या मोडतील, पण मरायला नको. म्हणजे वेग जास्त होता. आणि मला उत्तर देता येणार नाही."

ती पुन्हा आत शिरली. बराच वेळ तिचे फक्त बूट दिसत होते.

"पट्टे कुठं आहेत?" आतून आवाज आला.

"बचाव पथकानं कापून नेले असतील."

"ते पट्टा कापतात. बोल्ट खोलत बसत नाहीत." ती बाहेर आली. "इथं भोकं आहेत, भोवती स्वच्छ रंगाचं वर्तुळ आहे, गंज नाही. पट्टे होते, आणि अगदी अलीकडे कुणीतरी निवांतपणे पाना लावून काढले. सिक्स्टेन, टक्कर झाली तेव्हा तुझ्या मित्राला पट्टा नव्हता."

३

"अशक्य!" आम्ही दारात जाऊन हे सांगितलं तेव्हा शेल-ओके म्हणाला.

शेल-ओके म्हणजे क्लबचा अध्यक्ष आणि मेळ्यातल्या स्पर्धेचा परीक्षक. गाडीतला एकूण एक नट कारखान्यातून आला तसाच हवा, अशी त्याची स्पर्धा. दर वर्षी अल्गोटला तो पट्ट्यांचे आणि स्टिअरिंगचे गुण कापायचा. स्वतःच्या गाडीला मात्र मेल्यानं कधी हात लावला नाही, पुसायलाही माणूस ठेवलाय. पोलिसांकडे साक्ष देणाराही हाच. पोरगी रॉकेटसारखी आली म्हणून.

"अल्गोट पट्ट्याशिवाय झोपतसुद्धा नसेल," शेल-ओके म्हणाला. "आणि चोरीबद्दल मला काय विचारता? शेडची किल्ली कुणाकडे आहे? यांच्या घरात! मामानं पाना फिरवला, भाचीनं टॉर्च धरला. पुरावा गायब."

मी त्याची कॉलरच धरणार होतो. गुन्वोर मध्ये आली.

"टक्कर झाली तेव्हा तू कुठं होतास?"

"चर्चसमोर. सॉसेजच्या गाड्यापाशी."

"त्या गाड्याचा काउंटर रस्त्याकडे तोंड करून आहे. म्हणजे तुझी पाठ रस्त्याकडे."

शेल-ओके टोपी काढून पुन्हा घालू लागला.

"हातात काय होतं तुझ्या?"

"सॉसेज. आणि... मोहरी लावत होतो."

"म्हणजे आवाज ऐकून वळलास. रॉकेट पाहिलंसच नाहीस."

"पण गाड्यांची अवस्था पाहिली ना! ती कचकड्याची गाडी अल्गोटच्या गाडीला... वेगाशिवाय होईल का असं? कुणीही सांगेल!"

"कुणीही सांगेल म्हणून तू पाहिल्याचं सांगितलंस," गुन्वोर म्हणाली. उचलली जीभ, लावली टाळ्याला! एका पोरीचं आयुष्य मोहरीच्या बाटलीवर टांगून हा मोकळा झाला होता.

"उद्याच ते पोलिसांना सांगून टाक. न बोलावता जा," एवढंच म्हणून ती निघाली. 

तिथून आम्ही रॅग्नवाल्डकडे गेलो. रॅग्नवाल्ड जुने सुटे भाग विकतो. तालुक्यात जुन्या गाडीचं काही चोरीला गेलं की लोक आधी त्याच्या अंगणात डोकावतात. त्याला ते माहीत आहे आणि त्याला त्याचा रागही येतो.

"मी चोर असतो," तो गुरगुरला, "तर रेडिओ सोडला असता का? तसा चालू रेडिओ अख्ख्या स्वीडनमध्ये शोधून दाखव. मागचे दिवे सोडले असते का? आणि मी पाने घेऊन बसत नाही, मी ग्राइंडर लावतो. खर्रर्र, काम खलास."

"पण स्टिअरिंगला किंमत असेल," गुन्वोर म्हणाली.

"कुठल्या? अल्गोटच्या?" तो खो खो हसला. "अगं बाई, ते ऐंशी सालानंतरचं भंगार! वीस वर्षांपूर्वी मीच त्याला विकलं होतं, दोन बाटल्यांच्या बदल्यात. माझ्या मागच्या अंगणात तसली चार पडलीत, हवं तर घेऊन जा. त्याचं मूळचं, हस्तिदंती रंगाचं, मधे हॉर्नचं चकचकीत बटण असलेलं, ते असतं तर गोष्ट वेगळी. हे कोण कशाला चोरेल?"

मी आणि गुन्वोरनं एकमेकांकडे बघितलं. सोन्याच्या तुकड्यांना हात न लावता चोरानं शेडमधून भंगार उचलून नेलं होतं.

४

म्हणजे राहिलं कोण? ते भंगार ज्याला लपवायचं होतं तो. मी घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात नको नको ते शिजलं होतं. तूवा टेबलापाशी बसली होती, समोर थंड झालेलं सूप.

"खिळ्यावरची किल्ली तू घेतलीस?" मी ओरडलोच. "खरं सांग! घाबरून काही केलंस का?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मग प्लास्टर घातलेला हात वर केला. "या हातानं, मामा? मला धड चमचा धरता येत नाही." आणि रडू लागली. "तुलाही वाटतं ना मी मारलं त्याला? सगळ्यांना वाटतं. मी रात्रंदिवस आठवतेय. मी पन्नासनंच होते, मामा."

 मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

गुन्वोर दारात उभी होती. "इकडे ये जरा," म्हणाली. "एक गंमत दाखवते."

शेडमध्ये तिनं त्या भोकात टॉर्च धरला. आत एक वायर लोंबत होती. टोकाला काळी चिकटपट्टी, नीट तीन वेढे, शेवट दुमडून दाबलेला.

"हॉर्नची वायर," ती म्हणाली. "चोरानं ती तोडली नाही, सोडवली. आणि उघड्या टोकाला पट्टी गुंडाळली."

"शॉर्टसर्किट होऊ नये म्हणून. मीही तसंच करतो."

"कशाचं शॉर्टसर्किट? बॅटरी कुठं आहे?"

बॅटरी पहिल्याच दिवशी मी काढून ठेवली होती. गाडी मेलेली होती. ती पुन्हा कधी चालणार नव्हती.

"मोडीत निघालेल्या गाडीची वायर कोण गुंडाळतं, सिक्स्टेन? चोर ओढतो, तोडतो, पळतो. हे हात न विचारता गुंडाळतात. या गाडीचं ज्यानं वर्षानुवर्षं केलंय त्याचे हात. शेल-ओके गाडीला शिवत नाही. रॅग्नवाल्ड ग्राइंडर लावतो. तुझी भाची चमचा धरू शकत नाही. अल्गोटची गाडी कोण सांभाळायचं?"

"अल्गोटच," मी म्हणालो. आणि तिथेच थांबलो. कारण ते खरं नव्हतं. अल्गोट चालवायचा, मिरवायचा, शिट्टी वाजवत पुसायचा. पण लाकडाच्या कारखान्यात अडतीस वर्षं यंत्रं दुरुस्त केली ती दुसऱ्याच माणसानं. इंजिन उतरवायचं ते त्याच माणसानं, ब्रेक भरायचे ते त्याच माणसानं. सगळा क्लब थट्टेनं म्हणायचा, गाडी अल्गोटची, काळी नखं बायकोची.

फुलं. सतरंजी. तिची मोठी गाडी शेडच्या दाराला पाठ लावून उभी होती आणि मी खिडकीकडे पाठ करून बसलो होतो.

"नाही," मी म्हणालो. "गुन्वोर, नाही. ती त्याच्यावर जीव टाकायची."

"मी कुठं म्हटलं, नव्हती टाकत?"

५

तूवा ऐकेना. "मी पण येणार. तिनं मला जे म्हटलं ते पुन्हा माझ्या तोंडावर म्हणू दे." अपघातापासून ती कुठल्याही गाडीत बसत नव्हती, म्हणून आम्ही तिघंही चालत निघालो. सिवचं घर तळ्याच्या वाटेवर. अल्गोटच्या आठवणीत संध्याकाळी जुन्या गाड्यांची फेरी निघायची होती. वाटेत एकेक गाडी आमच्या बाजूनं खाली जात होती आणि चालवणारे तूवाला बघून मान फिरवत होते. तूवा फाटकापाशी थांबली.

सिव स्वयंपाकघरात कप विसळत होती. गुन्वोरनं नाव सांगितलं, काम सांगितलं. सिवनं वळून बघितलंच नाही.

"मला तुझं वर्कशॉप बघायला मिळेल का?"

"कुलूप नसतं त्याला," सिव म्हणाली. कप विसळत राहिली.

वर्कशॉप म्हणजे देवघर होतं हो. पाने मापाप्रमाणे टांगलेले, फरशीवर तेलाचा थेंब नाही. गुन्वोर कपाटांपाशी फिरली आणि खिडकीखालच्या फळीसमोर थबकली. काही न बोलता तिनं मला खूण केली.

फळीवर काळे पट्टे होते. चार बोल्ट एका डबीत, पट्टे नीट गुंडाळून रबर लावलेले. आणि शेजारी काळं स्टिअरिंग, दांड्यासकट. ऐंशी सालानंतरचं भंगार. त्याच्या वायरला पट्टीचे तीन वेढे, शेवट दुमडून दाबलेला.

"सापडलं!" मी कुजबुजलो. "चोरीचा माल!"

"नीट बघ," गुन्वोर म्हणाली. "हात लावून बघ."

मी हात लावला. सरळसोट. ना वाक, ना ओरखडा, ना... दुसरं काही. वर धुळीचा हलकासा थरही बसला होता. 

"हे टकरीच्या वेळी गाडीत असतं तर दबून निम्मं झालं असतं," गुन्वोर हळू बोलत होती. "हे अपघातातून आलेलंच नाही. म्हणजे त्या दिवशी गाडीत दुसरं होतं. मूळचं. दांडा एकसंध लोखंडी, न दबणारा. समोरून धक्का बसला की तो भाल्यासारखा मागे येतो. पोलिसांच्या फोटोंत त्याच्यावर बचाव पथकाचं ब्लँकेट पडलेलं आहे, म्हणून कुणाला दिसलं नाही. चोरानं स्टिअरिंग लपवलं ते त्याची जात कळू नये म्हणून."

"आणि अल्गोट पलीकडच्या बाजूला गेला तो?"

"डावं वळण. चालवणारा डावीकडे, सीट तिथून थेट उजव्या दारापर्यंत सलग लांब, वर गुळगुळीत रेक्झिन. वीस वर्षं त्याला वळणावर पट्ट्यानं धरून ठेवायची सवय. त्या दिवशी धरायला काही नव्हतं. तो सीटवर उजवीकडे घसरला, स्टिअरिंग डावीकडे, समोरून येणाऱ्यांच्या बाजूला, वळलेलंच राहिलं. वळण संपलं तरी त्याला ते सरळ करता आलं नसणार. तुझ्या भाचीच्या बाजूला चाकांचे वण आहेत ते त्याच्याच गाडीचे. गावाला वाटलं, तिला चुकवायला गेला."

 शनिवारपासून मला वाटत होतं की याहून मोठा धक्का बसायचा राहिला नाही. ते साफ चुकलं.

६

गुन्वोरनं ते काळं स्टिअरिंग स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. सिवनं त्याच्याकडे बघितलं आणि हातातला कप खाली ठेवला.

"दुसरं पलंगाखाली आहे," ती म्हणाली. "सतरंजीत."

 मग ती आपणहून बोलायला लागली, भिंतीकडे बघत.

"त्याला मूळचं फार आवडायचं. काढलं तेव्हा टाकू दिलं नाही, तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलं. म्हणायचा, एकदा तरी शेल-ओकेच्या नाकावर टिच्चून पहिला नंबर आणायचा. सत्तरी आली. मी ठरवलं. आदल्या दिवशी तो मासे धरायला गेला तेव्हा गाडी वर घेतली, पट्टे काढले, जुनं बसवलं. ते मधलं बटण पॉलिश केलं, त्यात चेहरा दिसेपर्यंत. सकाळी कॉफी आणि केक ताटात घेऊन गेले, अंथरुणातच त्याला गाणं म्हटलं, आणि म्हटलं, आता डोळे मिटून अंगणात चल."

"सिव," मी म्हणालो, "नको सांगूस."

"तो रडला रे, सिक्स्टेन. स्टिअरिंगवर हात फिरवत रडला. मग म्हणाला, सिव, पट्टे तेवढे परत लावून दे, मला बरं वाटत नाही त्यांच्याशिवाय. आणि मी काय म्हणाले? आजचा दिवस राहू दे, किती देखणा दिसतोयस." तिनं दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. "डॉक्टरनं मला सांगितलं, छातीत काय घुसलं ते. मी पॉलिश केलेलं बटण. मी काय करणार होते? कुणीतरी मारलं असेलच ना त्याला? मी सोडून कुणीतरी."

"म्हणून ती पोरगी," गुन्वोर म्हणाली.

"ती वाचली. तो मेला. तिला एक मनगट आणि त्याला..." सिवचा आवाज चढला. "मला वाटायचं, हीच असली पाहिजे. रोज उठून मी स्वतःला तेच सांगत होते."

मला तिचा संताप आला होता. माझ्या पोरीला तुरुंगात जाऊ दिलं असतं हिनं! मी तोंड उघडलं, पण दारात तूवा उभी होती. कधी आत आली होती कोण जाणे. तिनं सगळं ऐकलं होतं. आता ही सिववर तुटून पडणार, आणि तिला तो हक्क होता.

सिव उठून उभी राहिली.  मग सिवनं विचारलं, अगदी लहान आवाजात, "तू त्याच्यापाशी होतीस ना? पहिली तूच होतीस. काही बोलला का?"

तूवानं होकारार्थी मान हलवली. "मी बाहेर आले आणि त्याच्या खिडकीशी गेले. त्याला श्वास घेता येत नव्हता. माझ्याकडे बघून म्हणाला, पोरी, तुला कुठं लागलं का गं? मी म्हटलं, नाही. म्हणाला, बरं झालं." ती रडायला लागली. "मला कुणी विचारलंच नाही, सिव. सगळे फक्त वेग किती होता ते विचारत होते."

सिव मटकन खाली बसली. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो माणसाचा वाटेना. गुन्वोरसुद्धा तोंड फिरवून खिडकीकडे गेली. मी वयानं एवढा मोठा, पण मला तिथं उभं राहवेना. त्या बाईजवळ गेली ती तूवाच. बिनप्लास्टरच्या हातानं तिनं सिवचं डोकं आपल्या पोटाशी धरलं.

जरा वेळानं सिवनं तोंड धुतलं, कोट घातला. "चल माझ्याबरोबर," तूवाला म्हणाली. "तुला खुनी म्हटलं ते मी. आता चारचौघांत मीच ते परत घेते."

आम्ही तळ्याकाठी पोचलो तेव्हा सगळ्या गाड्या रांगेत लागल्या होत्या, फेरी निघायच्या बेतात. शेल-ओके माइकवर अल्गोटविषयी काहीतरी बोलत होता. सिव थेट मंचावर चढली. तिला बघून त्यानं टोपी काढली आणि माइक पुढे केला. तूवा तिच्या शेजारी उभी राहिली. खालून कुणीतरी शिवी घातली.

"गप्प बसा," सिव म्हणाली. "या पोरीनं काही केलेलं नाही. ती पन्नासनं येत होती आणि आपल्या बाजूनं येत होती. अल्गोटचे पट्टे मी काढले. दबणारं स्टिअरिंग मी काढलं. तुमच्या बक्षिसासाठी. तुम्ही दर वर्षी त्याला हसत होतात आणि मला त्याची लाज वाटायला लागली होती. आता आपापल्या गाडीत बघा, तुमच्या छातीसमोर काय आहे ते."

 मी लोकांच्या तोंडांकडे बघत होतो. काही जण खरंच आपल्या स्टिअरिंगकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा बघत असावेत तसे. रॅग्नवाल्डची नात मागच्या सीटवर उभी राहून छपराच्या खांबाला धरून खेळत होती. त्यानं तिला खाली उतरवलं, गाडीची किल्ली काढून खिशात टाकली, पोरीचं बोट धरलं आणि तो रस्त्यानं पायी घराकडे निघाला. त्याच्यामागे शेजारच्या गाडीतलं जोडपं उतरलं. मग पुढचं. गाड्या तळ्याकाठी तशाच उभ्या ठेवून सगळं ब्योर्कविका चालत घरी गेलं.